माझ्यामागून म्हणा

नैराश्यासाठीच्या आमच्या शनिवारच्या गटात ते त्र्यंबकहून बसने येतात. पूजा सांगणारे गुरुजी. खोलीतलं नाव बाहेर न्यायचं नाही, म्हणून इथेही नाव नाही. चपला दाराबाहेर काढून ते प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडी घालतात. कुणी रडू लागलं की डोळे मिटून "हं, पुढे" एवढंच म्हणतात. सल्ला कधीच देत नाहीत.

माझी पाळी आली की मी "माझं ठीक आहे" म्हणून सुटायचो. परवा तेवढंही तोंडातून फुटेना. गुरुजींनी खुर्ची जवळ ओढली आणि यजमानाला सांगावं तसं म्हणाले, "माझ्यामागून म्हणा. मला सकाळी उठवत नाही."

"मला सकाळी उठवत नाही."

"घरच्यांना मी नकोसा झालोय."

"घरच्यांना मी नकोसा झालोय."

ते थांबले, पण मला थांबवेना. "कामाला जातो सांगून मी द्वारका चौकात बसून राहतो. बायकोने दिलेला डबा उघडायची लाज वाटते."

"हे आमच्या पोथीत नव्हतं हो," ते हसले. "माझी दोनच वाक्यं होती."

घरी बायकोसमोर बसलो, तेव्हा सुरुवात त्यांच्याच दोन वाक्यांनी केली. पुढचं माझं मला आलं.