नरहरीकाकांच्या गाडीतलं भारी तेल

पिरंगुटला शुभांगीनं गॅरेज टाकलं, तेव्हा लोक बघून हसायचे आणि गाडी पुढच्या गॅरेजात न्यायचे. पहिली मोटरसायकल आणून लावली ती कासार आंबोलीच्या नरहरीकाकांनी. "बाईच्या हातचं जेवतोय नं आपून? मंग गाडीनं काय घोडं मारलंय?" त्यांच्यामागं बाकीचे आले. शुभांगी हे कसं विसरेल?

म्हणून तर यंदा सर्व्हिसिंगला तिनं काकांच्या गाडीत घर्षण कमी करणारं भारी तेल घातलं. तिच्या स्वतःच्या स्कूटरला तेच होतं, स्कूटर मस्त पळायची. डब्यावरचे आकडेही काकांच्या गाडीला जुळत होते, १०डब्ल्यू-३०. पहिला आकडा थंडीत तेल किती पातळ राहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती दाट. आकडे जुळले म्हणजे झालं, असं बाईंना वाटलं.

चौथ्या दिवशी काका गाडी ढकलत हजर. ते लवासात पाण्याच्या पंपावर कामाला, रोजचा घाट. "नुसती वराडती, वर सरकंना," ते म्हणाले. गॅरेजात तीन गिऱ्हाइकं उभी होती.

शुभांगीनं डबा उचलला. कोपऱ्यात बारीक अक्षरं, एमबी. मोटरसायकलला लागतं एमए! तिच्या क्लचच्या प्लेटा इंजिनाच्याच तेलात बुडलेल्या असतात. त्यांनी एकमेकींना घट्ट धरलं तर चाक फिरणार, आणि हे तेल त्यांना धरूच देईना. स्कूटरचा क्लच तेलात नसतो, तिला काही होत नाही. शुभांगीनं गिऱ्हाइकांकडं पाहिलं. गॅरेजचं नाव गेलंच आता.

काकांनी तिचा चेहरा पाहिला आणि गिऱ्हाइकांकडं वळले. "क्लच म्हातारा झाला आसंल. गाडी तरी कुटं नवी हाय!"

घाटात हाल झाले ते यांचे, आणि अब्रू झाकतायत माझी. शुभांगीला भरून आलं. गप्प राहिली असती तर निभावलं असतं, पण तिला राहवेना.

"न्हाई काका. चूक माजी हाय. चांगलं द्यायला गेले आन् चुकीचं तेल घातलं."

तिनं सगळं तेल काढलं, प्लेटा तपासल्या. जळल्या नव्हत्या. त्या धुऊन बसवल्या, एमए भरलं. काका चढावर चक्कर मारून आले.

"चढली," ते म्हणाले. मग डब्याकडं बोट केलं. "ह्ये स्कूटरला चालतं म्हन्तीस?"

"व्हय."

"मंग ठिऊन दे. आमची पोरगी अनुष्का रोज एकली हिंजवडीला जाती स्कूटरवर. उद्यापास्नं तिची गाडी तुज्याकडं."