खिळ्यावरचा पट्टा

आम्ही खापा गावात असताना बाबांच्या छातीत दुखायचं, तर आई ओव्याच्या पुरचुंडीनं शेकून द्यायची. दवाखान्यात गेलं की दिवसाची मजुरी बुडायची. एक दिवस शेतातच त्यांचा जीव गेला. मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर. आता नागपूरच्या एका दवाखान्यात बसून, गावोगावच्या लोकांना दिलेल्या मनगटावरच्या पट्ट्यांतून संगणकावर येणारे हृदयाचे ठोके दिवसभर बघतो. डोळे शिणतात.

रामटेककडच्या एका बाईचे ठोके सकाळी बंद व्हायचे आणि संध्याकाळी सुरू. शेवटी तिच्या गावी गेलो. पट्टा खिळ्याला टांगलेला, वर धुतलेलं फडकं. धानाची रोवणी करून ती आली आणि तिनं आधी पट्टा नीट आहे ना, ते बघितलं.

"मावशी, काहून काढता?"

"चिखलानं खराब होते ना गा. मशीन लोकायची हाय. जीव आपला हाय, त्याले चिखल लागला तं चालते."

मी पट्टा तिच्या मनगटावर बांधला, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळली.

"हात हाय का भाजीची थैली?" ती हसली.

दुसऱ्याच दिवशी रोवणी करताना तिचे ठोके चुकू लागलेले मला दिसले. तिला नागपूरला आणलं.

तिचा आजार वेळेत सापडला. बाबांचा सापडला नव्हता.