दादाने पुढे सरकवलेली भाकर

पेणच्या स्टँडवर उतरले तर दादा आधीच येऊन उभा होता. हा माझा थोरला भाऊ. रोह्याला राहतो, धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर आहे. मी नगरहून त्याच्याकडेच निघाले होते. पण रविवार होता, म्हणून वाटेत पेणला एका घरी भरणाऱ्या ख्रिस्ती उपासनेला जाऊ, असं मीच फोनवर ठरवलं होतं.

घर खाडीच्या बाजूला होतं. अंगणात पोह्याचे पापड वाळत घातले होते. घरच्या सुमनबाईंनी दादापुढे ढोलकी ठेवली. गावी असताना पहाटे उठून प्रार्थना करणारा, गाता गाता डोळे भरून येणारा दादा मला आठवत होता. ठेका आजही चुकला नाही. पण प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायच्या भाकरीचं ताट आलं, तेव्हा भाकरीचा तुकडा न घेताच त्याने ते माझ्याकडे सरकवलं. माझ्यासमोर त्याने ते कधीच नाकारलं नव्हतं.

रोह्याची एसटी नागोठण्याच्या अलीकडे पंक्चर झाली. रस्त्याकडेला ताडगोळे खात उभे असताना मी विचारलंच, "का नाही घेतलंस, दादा?"

"राग नाय गो कुणावर." त्याच्या नगरी बोलण्यात आता कोकण मुरलंय. "आधी रविवारी शिफ्ट लागायची तेव्हा जीव तळमळायचा. मशीनपाशी उभा राहून गाणी म्हणायचो. हळूहळू तळमळ गेली. आता रविवारी सुट्टी हाय, पण तहानच लागत नाय."

मी समजूत घालू लागले.

"उपदेश नको, शालू. मला देव आठवत नाय, त्याच्यासाठी रडणारा मी आठवतो. त्याचंच वाईट वाटतं."

रोह्याला वहिनीने गरम घावन (तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं) आणि वालाचं बिरडं वाढलं. जेवणाआधी प्रार्थनेसाठी सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. "हल्ली मीच करते," वहिनी हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादा मला बसवून द्यायला आला. खिडकीशी येऊन म्हणाला, "माझ्यासाठी माग."

"काय मागू?"

"तहान."

बस सुटली. आजवर मी देवाकडे शांती मागितली, समाधान मागितलं. आपल्या माणसासाठी तळमळ मागायची वेळ पहिल्यांदाच आली होती. नगरला पोचले, गुडघे टेकले. दादाचं नाव घेतलं आणि त्याने सांगितलेला तेवढा एकच शब्द म्हटला: तहान.