मोडलेली पाठ आणि उकंडाची साक्ष

"पाय हलवून दाखव," डॉक्टर म्हणाले.

मी हलवला. निदान मला तसं वाटलं. उजवा पाय गुडघ्यात वाकवून वर घेतला, पुन्हा सरळ केला.

"हलव," ते परत म्हणाले.

"हलवला ना साहेब."

डॉक्टरांनी नर्सबाईंकडे पाहिलं. मग माझ्या मानेखाली हात घालून डोकं जरा वर उचललं, म्हणजे मला माझे पाय दिसावेत. दोन्ही पाय पांढऱ्या चादरीवर सरळ पडलेले होते. दुसऱ्या कोणाचे तरी असावेत तसे.

त्यांनी इंग्रजीत जे नाव सांगितलं ते पॅराप्लेजिया. म्हणजे कमरेखालचं अंग जाणं. पाठीच्या मणक्यांच्या आतून एक दोरी जाते, तिला स्पायनल कॉर्ड म्हणतात. डोक्याचा हुकूम पायांपर्यंत तीच नेते. माझा एक मणका चिरडून त्या दोरीवर बसला होता. "थोडंफार परत येईल, किंवा येणारही नाही," डॉक्टर म्हणाले. "वाट पाहावी लागेल." ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. पण त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला की मी तोंड भिंतीकडे फिरवलं. फिरवता येईल असं तेवढंच माझ्याकडे उरलं होतं.

मी गणपत. कुहीकडचा, पण लहानपणापासून नागपुरात. इथल्या एका कापसाच्या प्रेसमध्ये कामाला होतो. सुटी रुई यंत्रात दाबून तिची गाठ बांधतात, लोखंडी पट्ट्या ठोकतात आणि साखळीने उचलून गाड्यावर ठेवतात. एक गाठ पाच मणांची. मी आणि उकंडा, आम्ही दोघं एका साखळीवर. तो साखळी ओढायचा, मी खाली गाडा सरकवायचो. साखळीची एक कडी झिजली होती. आम्ही सांगितलं होतं. हंगाम संपला की बदलू, असं उत्तर मिळालं होतं.

त्या दिवशी मी गाडा लावायला वाकलो आणि कडी तुटली. आवाज मला आठवत नाही. उकंडा "गणपत!" म्हणून ओरडला ते आठवतं.

दवाखान्यातले पहिले दिवस मी कशाने जगलो ते सांगता येत नाही. लघवी आपोआप होत नव्हती. कॅथेटर, म्हणजे रबरी नळी, आत घालून ती काढत. जो माणूस दुसऱ्याच्या हातचं पाणी मागायला लाजायचा, त्याला रोज उघडं व्हावं लागे. माझी बायको अनुसया दिवसभर खाटेजवळ बसे आणि नर्सबाई कसं करतात ते पाही. तिला विचारलं, "काय पाहून राहिलीस वं?" तर म्हणाली, "उद्या घरी मलेच करायचं हाये."

बेड सोअर म्हणजे पडून पडून पाठीला पडणारी जखम. ज्याच्या घरी असा माणूस असेल त्याने हे नाव लक्षात ठेवावं. मणका मोडल्याने मेले नाहीत, पण या जखमेने मेले, असे दोघे मी त्याच वॉर्डात पाहिले. दुखत नाही, म्हणून कळत नाही. रोग्याला सारखं कुशीवर पलटवत राहावं लागतं, दिवसा आणि रात्रीही. कंटाळा आला तरी पलटवावं. आमच्याकडून एकदा हयगय झाली आणि माकडहाडापाशी आठ आण्याच्या नाण्याएवढा डाग पडला. तो भरायला पावसाळा गेला.

प्रेसचा मुनीम एकदा आला. फळं घेऊन आला, बराच वेळ बसला, शेठजींना किती वाईट वाटलं ते सांगितलं. मग खिशातून कागद काढला. "अंगठा कर गणपत. घरी जायला गाडी, औषधपाणी, वर थोडी मदत. शेठजी मनाने मोठे आहेत."

मी म्हणालो, "मले सही करता येते."

"मग तर उत्तमच."

मी करणार होतो. घरभाडं थकलं होतं, अनुसया विड्या वळायला बसली होती. पण शेजारच्या खाटेवर रेल्वेतला एक खलाशी, म्हणजे मजूर, होता. त्याचा हात खांद्यापासून गेला होता. मुनीम आला तेव्हापासून तो डोळे मिटून पडला होता. डोळे न उघडताच तो बोलला, "कागद ठेवून जा मुनीमजी. तो वाचून पाहील."

मुनीम गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "कायदा हाये गा आता. कामावर अंग मोडलं तर मालकाले भरून द्यावं लागते. मले भेटलं. पण त्याची मुदत असते, मुदत गेली की काही नाही. वकील पाहा."

हे मी मुद्दाम लिहितो. ही गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली नाही, मुनिमाने तर नाहीच. एका हाताच्या माणसाने सांगितली. म्हणून मी ती दोन पायांच्या माणसांना सांगतो. दवाखान्यात असतानाच अर्ज करा. बरं वाटल्यावर करू, असं म्हणू नका. बरं वाटत नाही.

वकील मिळाले खानझोडे. नवीनच होते, कोटाच्या बाह्या लांब. त्यांनी अर्ज लिहिला आणि भरपाईची प्रकरणं ऐकणाऱ्या साहेबांच्या कचेरीत दाखल केला. मला वाटलं, झालं. साखळी तुटली, पाठ मोडली, यात वाद कसला?

प्रेसचं उत्तर आलं तेव्हा मला घरी आणलं होतं. खानझोडे वकिलांनी ते खाटेशी बसून वाचून दाखवलं. गाठ पडलीच नाही, असं त्यात होतं. गणपतला आधीपासून केरीज स्पाइन होता, म्हणजे मणक्याचा क्षय, हाड आतून कुजण्याचा रोग. तो नुसता वाकला आणि कुजलेला मणका दबला. त्यात मालकाचा काही दोष नाही.

"पण उकंडा होता ना तिथं," मी म्हणालो. "आणखी सात-आठ माणसं होती."

वकिलांनी चष्मा पुसला. "मी गेलो होतो त्यांच्याकडे. कोणालाच काही दिसलं नाही."

"उकंडाले?"

"तो भेटला नाही. दोनदा गेलो. त्याची बायको म्हणाली, घरी नाही."

मग प्रेसने नेमलेला डॉक्टर मला तपासायला आला. तपासू द्यावं लागतं, नाही म्हटलं तर दावा अडकतो. त्याने माझ्या तळपायाला टाचणी टोचली. पायाकडे न पाहता तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. मी कळवळतो का, नाटक करतो का, ते शोधत होता. टाचणी पोटऱ्यांवरून मांडीवर आणली. डाव्या मांडीला एका जागी मला बारीकसं काही जाणवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा! मला आनंदाने ओरडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी भीती वाटली, की ओरडलो तर हा लिहील, रोगी खोटा आहे. बरं होण्याचीही चोरी झाली होती. तरी मी खरं ते सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं.

तो गेल्यावर मी जेवण सोडलं. ठरवून सोडलं. अनुसयेने ताट पुढे केलं की मान फिरवायची. दोन दिवस तिने ताट तसंच परत नेलं. तिसऱ्या दिवशी ताट बाजूला ठेवलं आणि खाटेच्या पट्टीवर बसली.

"मरायचं हाये का तुमाले?"

मी पुन्हा मान फिरवली.

"मराचं असन तर निकाल लागल्यावर मरा. आत्ता मेले तर ते म्हणतीन, पाहा, क्षयानंच मेला. मंग मी कोनाच्या दारात जाऊ?"

तिचा आवाज चढला नव्हता. डोळ्यांत पाणीही नव्हतं. तिने भाकरी कुस्करली, दुधात कालवली आणि घास माझ्या ओठाशी धरला. मी खाल्ला.

सुनावणीच्या दिवशी मला खाटेसकट बैलगाडीत घातलं. कचेरीच्या पायऱ्यांवर खाट तिरपी झाली, चार अनोळखी माणसांनी हात लावला. आत दालनात माझी खाट टेबलासमोर ठेवली. आडवा पडून साहेबांशी बोलणं मला फार अपमानाचं वाटलं. मला फक्त छत आणि त्यांची हनुवटी दिसत होती.

माझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रेची काच उजेडात धरली. एक्स-रे म्हणजे शरीराच्या आतला, हाडांचा फोटो. त्यात माझा मणका पाचरीसारखा दबलेला दिसत होता. ते म्हणाले, हा मार लागून झालेला आहे. प्रेसच्या डॉक्टरने तीच काच घेतली आणि म्हणाला, क्षयातही मणका असाच दबतो. साहेबांनी विचारलं, "नुसत्या फोटोवरून तुम्ही छातीठोक सांगू शकता का?"

माझे डॉक्टर प्रामाणिक होते. त्यांनी उत्तर दिलं, "नुसत्या फोटोवरून नाही. वरून वजन पडलं असेल तर मी निश्चित सांगेन."

वजन पडलं होतं हे सांगायला कोणी नव्हतं. साहेबांनी पुढची तारीख दिली आणि बजावलं, साक्षीदार आणा, ही शेवटची संधी.

अनुसया त्याच संध्याकाळी उकंडाच्या घरी गेली. परत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला? "काही नाही म्हणाला," ती म्हणाली. "खाली मान घालून बसला होता. त्याची बायको रडत होती. चार लेकरं हायेत तिले. मी काय बोलू? मी उठून आली."

मला उकंडाचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असतो तर साक्षीला गेलो असतो का? या प्रश्नाचं उत्तर मी त्या रात्री शोधलं नाही. शोधायची हिंमत झाली नाही.

पुढच्या तारखेला उकंडा कचेरीच्या व्हरांड्यात उभा होता. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. माझी खाट आत नेताना त्याने एक बाजू उचलली. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याने सांगितलं ते थोडकंच. कडी तुटली. गाठ गणपतच्या पाठीवर पडली. आम्ही तिघांनी मिळून ती बाजूला सारली. त्या दिवशी सकाळपासून गणपत सगळ्यांबरोबर गाडे ओढत होता.

प्रेसचे वकील उठले. "तू याचा नातलग आहेस?"

"नाही."

"मग मित्र?"

"एका साखळीवर होतो जी आमी."

"याला खोकला होता की नाही?"

"रुईच्या धुळीनं सगळ्यायलेच खोकला हाये साहेब. मुनीमजीलेबी हाये."

कोणीतरी हसलं. वकील हसले नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला. "तू अजून प्रेसमध्ये कामावर आहेस ना?"

सगळ्यांना कळलं ते काय विचारत होते.

"आज सकाळपर्यंत होतो जी," उकंडा म्हणाला. "इथं यायले निघालो तवा फाटकावर सांगितलं, आता परत येऊ नको."

साहेबांच्या लेखणीची करकर थांबली. मग त्यांनी कारकुनाला सांगितलं, "हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या." माझ्या डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. ते म्हणाले, "आता मी निश्चित सांगतो."

निकाल आमच्या बाजूने लागला. मला कळवायला खानझोडे वकील पळत आले, त्यांना दम लागला होता. रक्कम कचेरीत जमा झाली. तिथून ती दर महिन्याला थोडी थोडी मिळते, एकदम हातात देत नाहीत. त्यावर आमचं घर चालतं, विड्या अजून वळाव्याच लागतात. मी उशांना टेकून बसतो, पानं कापून देतो. डाव्या पायाचा अंगठा हलतो. डॉक्टर म्हणाले, याच्यापुढे काही होणार नाही, आणि झालं नाही.

जिंकल्यावर बरं वाटेल असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी फार रडलो. दावा चालू होता तोवर मला वाटायचं, मी कशाची तरी वाट पाहतो आहे. तो संपल्यावर उरली फक्त पाठ. असं ज्याच्यावर येईल त्याने आधीच मन घट्ट करावं. कचेरी पाय देत नाही. पण आपण खोटे नव्हतो, एवढं ती लिहून देते, आणि ते लिहून घेतल्याशिवाय राहू नये.

उकंडाला कोणत्याच प्रेसने दारात उभं केलं नाही. तो लकडगंजातल्या लाकडाच्या वखारींत ओंडके ओढतो. काम जास्त जड, मजुरी कमी. त्याची बायको आमच्याशी बोलत नाही. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

तो मात्र येतो. काम सुटलं की वाटेत आमच्याकडे थांबतो. एकदा मी विचारलं, "राग येत असन ना गा माह्या?"

"येते ना," तो म्हणाला. "रोज येते. पन तुह्या नाही."

ओंडक्यांनी त्याचीही पाठ धरली आहे. परवा आला तो वाकूनच. दारातून म्हणाला, "वहिनी, तेल गरम हाये का?" आणि माझ्या खाटेशेजारी चटईवर पालथा पडला. अनुसयेने माझी पाठ शेकली, मग तेच तेल घेऊन खाली बसली आणि त्याची शेकायला लागली. तो कण्हत होता आणि मध्येच हसत होता. मला वरून त्याची पाठ दिसत होती. आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही. मी हात खाली सोडला, तो त्याच्या खांद्यापर्यंत पोचला, आणि मी तिथेच ठेवला.