भागिरथाबाईनं मारलेली टाच

मंगरूळपीरच्या दातांच्या दवाखान्यात भागिरथाबाई झाडूपोछ्याला लागली, तेव्हा तिशीची होती. पंधरा वर्षांत डॉक्टर फरहाच्या हातात कुठली सुई कधी द्यायची, हे तिला न सांगता कळू लागलं. घाबरलेल्या पेशंटचं डोकं ती दोन्ही तळव्यांत घट्ट धरी. नवऱ्यानं तिला पाच वर्षं लाथाबुक्क्यांनी तुडवलं होतं. पोटातलं पोर गेलं तेव्हा ती पायी माहेरी निघून आली. त्याबद्दल ती एवढंच सांगे.

त्या सोमवारी पंजाबरावानं आपल्या बापाला, उकंडरावाला, बखोटीला धरून आणलं. म्हाताऱ्याची दाढ अर्धी तुटलेली, गाल टम्म सुजलेला. डॉक्टरनं दोन सुया दिल्या, तरी जागा बधिर होईना. पू झालेल्या ठिकाणी ते औषध नीट धरत नाही. पू काढायला हिरडीला छेद देताच म्हातारा गुरासारखा ओरडला. रक्त हनुवटीवरून ओघळलं.

"दाढ आज नाही काढता येणार," डॉक्टर म्हणाली. "चार दिवस गोळ्या द्या. सूज उतरली की सुई लागू पडेल."

"बुढा मरून राह्यला अन् तुमी गोया देता?"

पंजाबरावानं औजारांचा ट्रे भिंतीवर भिरकावला आणि डॉक्टरच्या अंगावर धावला. भागिरथाबाई मधे घुसली. त्यानं लोखंडी स्टूल उचलून तिच्या तोंडावर हाणलं. पुढचे दोन दात तुटून तिच्या जिभेवर आले. तो पुन्हा स्टूल उगारतो तोच तिनं पडल्यापडल्या त्याच्या गुडघ्यावर टाच मारली. तो काचेच्या कपाटावर कोसळला. मग ती त्याच्या छातीवर बसली आणि मारत सुटली. जन्मात पहिल्यांदा तिनं उलट हात उचलला होता, आणि तो थांबत नव्हता. शेजारच्या दुकानदारांनी तिला ओढून बाजूला केलं.

मग तीच पेशंटच्या खुर्चीत बसली. मुंगी चावल्यासारखं वाटेल, असं ती पेशंटना सांगत आली होती. ते खोटं होतं. सुई हिरडीत शिरली तशी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पण थोड्या वेळानं ओठ जड झाला आणि दुखणं निघून गेलं. तेव्हा कुठे ती रडली.

पोलिसांत तक्रार झाली. पंजाबराव जामिनावर सुटला. पाचव्या दिवशी तो बापाला घेऊन आला आणि दाराबाहेरच थांबला.

"मावशी, केस मांगं घे."

"बुढ्याले आत पाठव," ती टाके घातलेल्या तोंडानं म्हणाली. "केस चालू राहीन."

या वेळी सुई लागू पडली. दाढ निघाली तरी उकंडरावानं हूं की चूं केलं नाही. कापूस दाबताना भागिरथाबाईनं विचारलं, "दाढ कायनं तुटली होती, बाबा?"

म्हातारा दाराकडे बघत राहिला. मग बधिर ओठांनी हळूच म्हणाला, "त्यानंच पावड्याचा दांडा मारला होता."

तिनं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरनं मागचं दार उघडलं.

दुपारी ठाण्यात उकंडरावानं आपल्या जबानीवर अंगठा उठवला. बाहेर पंजाबराव शिव्या देत होता. शिपायानं त्याला कॉलर धरून बाकड्यावर बसवलं. म्हाताऱ्याची लेक जऊळक्याला होती. भागिरथाबाईनं त्याला तिकडे जाणाऱ्या प्रवासी जीपमध्ये बसवलं आणि गोळ्यांची पुडी त्याच्या हातात दिली.

"जेवल्यावर एकेक घ्या, बाबा. उपाशीपोटी नोका घेऊ."