निरोपाला बसलेली माणसं

"घाई न्हाई ना तुमाला?"

इंजेक्शनची सुई वर धरून, तिच्यातली हवा काढत, ते समोरच्याला हे विचारायचे. पेशंट बिचारा भांबावून "न्हाई बा" म्हणेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असे. मग कापूस दाबून धरत स्वतःच हसायचे. "घाई न्हाई म्हणलात, म्हणून लवकर केलं."

परभणीच्या एका खासगी दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात ते नर्स होते. नर्स म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बाईच येणार. आमच्याकडच्या पेशंटांचंही तसंच व्हायचं. पुरुष नर्सला दवाखान्यात ब्रदर म्हणतात, पण खेड्यातून आलेल्या माणसाच्या कानाला तो शब्द नवा. त्यांना ते 'बिरादर' ऐकू यायचं. "ओ बिरादर, सलाईन संपली!" अशा हाका दिवसभर चालत. एका म्हाताऱ्यानं तर ते आडनाव समजून "तुमी उदगीरकडचे बिरादर का?" म्हणून सोयरीक काढायचा घाट घातला होता. ब्रदरांनीही त्याला मुलीचं शिक्षण वगैरे विचारून घेतलं, मग सांगितलं, "माझं लगीन होऊन दोन पोरं हायेत, मामा."

मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्हा मुलींना ड्युटीसाठी त्या दवाखान्यात पाठवत. चादर कशी ताणायची, कण्हणाऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे मला त्यांनी शिकवलं. हात मोठे, बोटं जाड. त्या बोटांना पेशंटच्या हाताची शीर अलगद सापडायची तेव्हा आम्ही बघत राहायचो.

पण मला त्यांच्याविषयी सांगायचं आहे ते वेगळंच.

वॉर्डातल्या खाटांना पायथ्याशी एक हँडल असे. ते फिरवलं की डोक्याकडचा भाग कर्र कर्र करत वर येई आणि पेशंट बसता होई. दम्याच्या माणसाला त्यानं बरं वाटतं. माझ्या पहिल्याच आठवड्यात, सकाळच्या वेळी, मी औषधांचा ट्रे घेऊन आत आले तर कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा बसलेले. केस विंचरलेले, सदऱ्याची बटणं लावलेली, तोंड दाराकडं. मी म्हटलं, "अरे वा, आजोबा, आज बरं दिसतंय!"

आजोबा काही बोलले नाहीत. शेजारी ब्रदर उभे होते. हलक्या आवाजात म्हणाले, "गेले ते. आताच."

त्यांनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला आणि खाली ठेवला.

"बसवलंय कशाला त्यांना?"

"घरची माणसं येतील आता. पडल्या पडल्या निरोप देतं का कोणी? पाहुणे निघाले की माणूस उठून बसतं."

निघाले आहेत ते पाहुणे की आजोबा, हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

ते हे प्रत्येक वेळी करत. डॉक्टर तपासून गेले की हँडल फिरवायचे, तोंड पुसायचे, केस विंचरायचे आणि स्टूल ओढून जवळ बसायचे. सरकारी दवाखान्यात हे चाललं नसतं. इथं मोठे डॉक्टर कानाडोळा करत, कारण असा हात दुसऱ्या कुणाला नव्हता. आम्हा मुलींना मात्र त्या कर्र कर्र आवाजाची धास्ती बसली. एखाद्या जित्या पेशंटला बसवायला कुणी हँडल फिरवलं तरी सगळा वॉर्ड माना वळवून बघायचा.

मग पोखर्णीच्या पुढच्या एका खेड्यातले बापू आले.

शेतकरी घरातले, अंगानं वाळलेले, हृदयाचं दुखणं. मुलगा सोबत होता. बापू फार बोलत नसत, पण ब्रदर दिसले की डोळे उघडायचे. ब्रदर त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत आणि बापूंचे ओठ हलत. तो मे महिना होता. त्यातल्या एका सकाळी मुलगा कपडे आणि डबा आणायला गावाकडं गेला, आणि दुपार व्हायच्या आत बापू गेले. मुलाला निरोप दिला. तो म्हणाला, भावकीला घेऊन जीप करून येतो.

ब्रदरांनी बापूंना बसवलं. डोक्याला रुमाल बांधला. स्टूल ओढलं.

मग वीज गेली. पंखे थांबले तेव्हा कळलं, वॉर्डात किती आवाज होता ते. बाहेर ऊन पांढरं झालेलं, रस्त्यावर कुत्रंही नाही. सगळे पेशंट डोळ्यांवर टॉवेल घेऊन पडलेले. आणि त्या शांततेत ब्रदरांचं हलकं बोलणं चाललेलं.

"घाई न्हाई ना तुमाला, बापू?"

मग ते थांबले. दुसरा माणूस बोलायला जितका वेळ घेईल तितका वेळ थांबले. मान हलवली. "हं. हं. कळलं. सांगतो." पुन्हा थांबले. पुन्हा "हं."

शेजारच्या खाटेवर मानवतचे एक दुकानदार होते, पायाची जखम चिघळलेली. त्यांनी मला खुणेनं बोलावलं. "सिस्टर, मला दुसरीकडं टाका."

"काय झालं?"

"दोघं बोलायलेत."

मी म्हटलं, "एकटे ब्रदरच आहेत, काका."

"मी काय बहिरा हाय का?" ते म्हणाले आणि टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मी त्यांची खाट ढकलत दुसऱ्या भिंतीला नेली. ढकलताना मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. दोघं तसेच बसले होते, एकमेकांच्या जवळ, गावच्या पारावर बसावं तसे.

तीनच्या सुमाराला जीप आली. मुलगा, एक म्हातारे चुलते, चार-सहा माणसं. मुलगा बापाला बसलेलं पाहून दारातच थबकला, मग पुढं येऊन पायांवर डोकं ठेवून रडला. रडून झाल्यावर म्हणाला, "चला, दिवस मावळायच्या आत उरकू."

ब्रदरांनी विचारलं, "बहिणीला कळवलं का?"

मुलाचा चेहरा कठोर झाला. "आमाला बहीण न्हाई."

"बापू म्हणले, रुक्मीण आल्याबिगर उचलू नका."

मुलगा म्हणाला, "कवा म्हणले?"

"आता. जेवणाच्या वक्ताला."

जेवणाच्या वेळेआधीच बापू गेले होते. हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा चिडला. "याद राखा, मेलेल्या माणसाची मस्करी करता का? धरा रे!"

माणसांनी बापूंना धरलं. खाटेचं डोकं खाली केलं, पण बापू खाली आले नाहीत. कंबर तशीच, मान तशीच. खाट सपाट झाली आणि बापू तिच्यावर बसलेलेच. एकानं खांदे दाबले तर पाय वर आले. चटका बसावा तसे त्यानं हात काढून घेतले.

आमच्या पुस्तकात हे आहे. मरणानंतर अंग ताठरतं, उन्हाळ्यात लवकर ताठरतं. मला परीक्षेत आलंही होतं. तरी त्या वेळी माझी पाठ भिंतीला लागली होती.

म्हातारे चुलते पुढं झाले. त्यांनी टोपी काढली. "बापू अडून बसलेत," ते म्हणाले. "जित्तेपणी एका शब्दानं बोलले न्हाईत, आता अडून बसलेत. बोलवा पोरीला."

तिनं मनानं लग्न केलं होतं, इतकंच आम्हाला कळलं. देवगाव फाट्याला नवऱ्याचं टायरचं दुकान होतं. दीड-दोन तासांची वाट, आणि कित्येक वर्षं कुणी गेलं नव्हतं. नंबर चुलत्यांच्या मोबाइलमध्ये निघाला. मुलानं तो आपल्या हातानं लावला. "रुक्मे," एवढंच म्हणाला आणि फोन चुलत्यांकडं दिला.

ती आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. पायांत घरातल्याच चपला, पदराला पीठ. कुणाकडं न बघता सरळ खाटेपाशी गेली. बापाच्या डोळ्यांची पातळी आणि तिची पातळी एक होती, म्हणून ती समोर उभी राहून त्यांच्याकडं बघू शकली. "आले मी, बापू," ती म्हणाली. मग मागं वळून भावाला म्हणाली, "दादा, किती वाळलेत रे." भावाला हुंदका आवरेना.

ब्रदरांनी तिला स्टुलावर बसवलं. मग बापूंचे गुडघे, कंबर, कोपरं हळूहळू चोळत, दाबत, सैल करत गेले. बराच वेळ गेला. बापू एकेका सांध्यानं खाली आले आणि निजले.

ड्युटी संपल्यावर ते हात धूत होते. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, बसवून ठेवलं की अंग तसंच ताठेल?"

"होतं."

"मग ते रुक्मीणचं? खरं सांगा, बापू जिवंत असतानाच बोलले होते ना?"

त्यांनी नळ बंद केला. अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "ते मला आता निवडता येत न्हाई, सिस्टर. जित्तेपणी कोण काय म्हणलं अन् मागून काय म्हणलं. पहिले यायचं. आता सगळं एकाच आवाजात ऐकू येतंय."

मग चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. ते लिंगायत वाण्याच्या घरातले. घरचं दुकान, थोरल्या मुलानं गादीवर बसायचं हे ठरलेलं. ते नर्सिंगला गेले तेव्हा वडील म्हणाले, "लोकांचं हागणं-मुतणं काढायला जन्म दिला का तुला?" त्यानंतर बोलणं बंद. वडील गेले तेव्हा हे नांदेडला परीक्षेत. भावांनी यांच्यासाठी अंत्यविधी थांबवला नाही. "आमच्यात माणसाला बसवून माती देतात," ते म्हणाले. "मी पोचलो तर माती सारखी करून पाणी शिंपडलेलं. आई म्हणाली, शेवटपर्यंत दाराकडं बघत होते. आता खाली कुणीकडं बघत बसलेत, मला काय कळावं?"

बापूंच्या मुलानं तक्रार केली नाही. पण मानवतच्या दुकानदारांनी गावात जाऊन सांगितलं, आणि त्यांच्याकडून ऐकणाऱ्यांनी वाढवून सांगितलं. त्या दवाखान्यात मेलेल्यांना उठवतात, असं झालं. माणसं त्या वॉर्डात राहायला नको म्हणू लागली. मोठ्या डॉक्टरांनी खाटांची हँडल काढून स्टोअरला टाकली, तरी काही उपयोग झाला नाही. शेवटी ब्रदरांना जायला सांगितलं. ते डबा घेऊन, प्रत्येक खाटेपाशी थांबत, रामराम करत गेले. रिकाम्या खाटांपाशीही थांबले.

माझं शिक्षण संपलं. सोबतच्या मुली कुणी पुण्याला, कुणी आखातात गेल्या. मला गंगाखेडच्या वाटेवरच्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटी जागा मिळाली. रोज एसटीनं जाणं-येणं. लग्नसराईत एका सकाळी गाडी खच्चून भरलेली, आणि पुढच्या बाजूला ब्रदर. केस पांढरे झालेले. ते कडेच्या जागेवर होते. खिडकीची जागा रिकामी, तिच्यावर घडी केलेला रुमाल टाकलेला.

मी गर्दीतून सरकत त्यांच्यापर्यंत गेले. ओळखलं त्यांनी. सध्या घरी जाऊन पेशंट सांभाळतात म्हणाले. एका रिटायर गुरुजींकडं वर्षभर होते.

"कसे आहेत गुरुजी?"

"परवा गेले. मुलं परदेशात. इथंच उरकलं समद्यांनी घाईनं."

"मग आता कुठं निघालात?"

"त्यांच्या गावाला. पोचवायला."

मला वाटलं, अस्थी असतील. पण त्यांच्या मांडीवर काही नव्हतं, पायाशीही नव्हतं. तोवर मागून रेटा आला आणि मी दोन बाकं मागं ढकलली गेले. येणारा-जाणारा विचारत होता, "कोणी हाय का इथं?" ते म्हणत होते, "हाय." आणि विचारणारा वाद न घालता पुढं सरकत होता.

पोखर्णीच्या पुढं, जिथं फाटा नाही, घर नाही, नुसतं एक लिंबाचं झाड आणि आतल्या गावाकडं जाणारी पायवाट आहे, तिथं ते कंडक्टरला म्हणाले, "इथं थांबवा जरा." गाडी थांबली. कंडक्टर ओरडला, "कोण उतरायलंय? चला, लवकर!"

ब्रदर उठले नाहीत. त्यांनी गुडघे बाजूला घेतले, आतल्या माणसाला वाट द्यावी तसे. शेजारी दांड्याला धरून एक म्हातारी उभी होती. तिनं आमचं बोलणं ऐकलेलं नव्हतं. ती आपल्या पिशव्या सांभाळत होती. ती एकदम अंग चोरून मागं सरकली, खाली बघत तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि कुणी थोर माणूस जवळून पुढं होऊन उतरेपर्यंत थांबावं तशी थांबली.