पलटणीच्या सामानाला घर

लग्न होऊन मी टेमघरला आले आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की या घरात पाय पसरायला जागा नाही. खाटांखाली लोखंडी पेट्या, माळ्यावर पेट्या, देवघराशेजारी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. मी कल्याणची, शाळेत शिकवणारी. माहेरचं घर लहान होतं, पण वस्तू जिथल्या तिथे. मी नवऱ्याला विचारलं, "हे सगळं कुणाचं?"

"तालुक्याचं," तो म्हणाला आणि शिफ्टला निघून गेला.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, पलटणीतून हवालदार म्हणून परतलेले. एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या वर्षी, भात पिकायला आलं असताना ते आतल्या एका गावात कुणाच्या तरी सोयरिकीसाठी गेले होते. शेतात बुजगावणं उभं होतं आणि त्याच्या अंगात लष्करी कोट होता. बाहीवर तीन फिती. शेतकरी म्हणाला, "आज्याचा हाय. कसर लागली, मंग लावला हितं." मामंजींनी अंगातला सदरा काढून बुजगावण्याला घातला आणि तो कोट सायकलच्या कॅरिअरला बांधून बनियनवर घरी आले.

तेव्हापासून ते थांबलेच नाहीत. सुटीच्या दिवशी मी पाहायची, सकाळी भाकरी बांधून घेऊन ते निघत आणि दिवेलागणीला काहीतरी घेऊन येत. कोंबड्या ज्यात पाणी प्यायच्या तो शिपायाच्या डोक्यावरचा लोखंडी टोप. पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून आलेलं, कुणा नातवाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं पदक. पट्ट्याचं बक्कल, पाण्याची बाटली, बिगुल, फोटो. एखाद्या घरचं माणूस गेलं होतं आणि ही एवढीच वस्तू उरली होती, तरी लोक ती त्यांच्या हातात देत. कारण मामंजी प्रत्येकाला एकच शब्द देत, "याला कायमची जागा करतो. तुमी कदीबी येऊन बगा."

त्या शब्दानं त्यांची झोप उडाली. पेट्या वाढल्या, पण जागा काही मिळेना. रात्री ते उठून बसत, पेट्यांवरून हात फिरवत. त्यांची घालमेल हळूहळू मलाही लागली. वर्गात फळ्यावर लिहितानाही मनात येई, माळा गळला तर?

आमच्या मुख्याध्यापकांनी एक रिकामा वर्ग दिला. जून उजाडला, नवी तुकडी निघाली आणि सामान बाहेर आलं. मग एका कचेरीच्या कोठीत जागा मिळाली. तिथे वर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या. एके दिवशी मामंजी बघायला गेले, तर भिंती रंगवणाऱ्यांनी दोन टोपांत चुना कालवलेला. त्यांनी मला शाळेतून बोलावून घेतलं आणि आम्ही दोघांनी सगळं हातगाडीवर चढवलं. भर बाजारातून ते ओढत होते, मी मागून ढकलत होते. कुणीतरी विचारलं, "भंगार किधर ले जा रहे हो?" मामंजी तिथेच थांबले. कुठे न्यायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

समोर एका लूमच्या, यंत्रमागांच्या कारखान्याच्या दारात त्याचे मालक, एक मुसलमान शेठ, उभे होते. तेव्हा गावात हिंदू-मुसलमान एकमेकांशी बोलत, पण जपून. शेठ पुढे आले, गाडीवरचा एक टोप उचलून त्यांनी बोटांनी चुना पुसला. म्हणाले, "हवालदारसाहब, मेरे चचा भी गए थे. बर्मा. वापस नहीं आए." आणि कारखान्यावरचा माळा त्यांनी उघडून दिला. दुसऱ्या दिवशी चचांचा पत्र्याचा मग घेऊन ते स्वतः वर आले.

मला वाटलं, सुटलो. पण खाली लूम चालू असले की माळ्याची जमीन थरथरायची. पदकं एकमेकांवर किणकिणायची. भिंतीतले खिळे सुटायचे आणि फोटो तिरपे व्हायचे. मामंजी सकाळी सरळ करत, संध्याकाळपर्यंत पुन्हा तिरपे. सगळ्यावर कापसाची तुसं साचायची. लाइट गेली की लूम बंद पडत आणि तेवढाच वेळ वर सगळं स्थिर असे. आम्ही दोघं तेव्हा गप्प बसून असायचो, आता पुन्हा कधी सुरू होईल म्हणून कान देऊन.

एका दुपारी लूम चालू असताना राहनाळच्या पुढच्या गावातून एक बाई आली. तिचा नवरा पासष्टच्या लढाईत गेला होता. तिच्याकडे त्याचा एकच फोटो होता, तो तिनं मामंजींना दिला होता. शिडी चढून ती वर आली, पदरानं नाक झाकून इकडे-तिकडे बघू लागली. फोटो खाली पडला होता. काच फुटलेली, चेहऱ्यावर तुसं.

ती खाली बसली. खटखटाटात तिचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून मोठ्यानं म्हणाली, "दादा, माजा फोटू मना परत दे."

मामंजींनी काचा वेचल्या, धोतराच्या सोग्यानं फोटो पुसला आणि दोन्ही हातांनी तिला दिला. ती गेल्यावर म्हणाले, "बरोबर हाय तिचं." आठ-पंधरा दिवस ते माळ्याकडे फिरकले नाहीत. ताप भरून अंथरुणाला खिळल्यासारखे पडून राहिले.

त्याच सुमारास ठाण्याहून बोलावणं आलं. तिथले एक साहेब सैनिकांच्या वस्तूंसाठी दालन करणार होते. मामंजी तापातून उठले. कडक इस्त्रीचा सदरा घालून, नमुन्याला भरलेली एक पेटी आणि मला बरोबर घेऊन गेले. दालन खरंच छान होतं. काचेची कपाटं, वर दिवे. साहेबही भले माणूस, दोनदा चहा विचारला. मग पेटीतल्या वस्तू एकेक बघत त्यांनी दोन ढीग केले. एकात पदकं, बिगुल, चार चांगले फोटो. दुसऱ्यात बाकी सगळं. बुजगावण्याचा कोट दुसऱ्या ढिगात गेला.

"एवढं सगळं ठेवून काय करणार, हवालदार?" साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "लोकांना बघण्यासारखं तेवढंच ठेवू. हे आपलं परत न्या. विचार करून लवकर कळवा."

येताना एसटीत मामंजी पेटी मांडीवर घेऊन बसले होते. "कायमची जागा तर हाय," ते म्हणाले. कशेळी-काल्हेर मागे पडलं तेव्हा म्हणाले, "पन त्या फोटूवालीसारकी बाय ठाण्याला कशी जाईल बगायला?" मला मनापासून वाटत होतं, द्यावं एकदाचं आणि घरात शांतता यावी. पण तो दुसरा ढीग डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यातलं प्रत्येक चिंधूक कुणाच्या घरातून आलंय हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की मलाच पाठ झालं होतं.

रविवारी मी कुणाला न सांगता त्या बाईच्या गावी गेले. तिचं घर दोन खोल्यांचं, दगडी. फोटो पुढच्या खोलीत लावलेला, नवी काच घातलेली. खोलीत बाकी काही नाही, नुसती सारवलेली जमीन. मी फुटलेल्या काचेबद्दल बोलायला गेले होते, पण बोलून गेले भलतंच. ठाण्याचं दालन, दोन ढीग, सगळं सांगितलं.

तिनं हातातली सुपली खाली ठेवली. मग म्हणाली, "ही खोली त्यानं बांदायला काडलेली. तो आलाच न्हाय. मी माज्यापुरती मागच्या खोलीत ऱ्हाते. हितं आना सगला."

"सगळं?"

"चिंध्यासुद्दा. पन मी कुलूप लावनार न्हाय. ज्याचा हाय त्यानं येवावा, हातात घेवावा."

मला आनंद झाला. मामंजींना झाला नाही. कुलूप नाही म्हटल्यावर ते संतापले. "पलटनीत असा चालत न्हाय. सामान जपायचा म्हंजे बंद ठेवायचा." घरात येरझाऱ्या घातल्या, माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सायकल काढून एकटेच तिच्याकडे गेले. काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. परत आल्यावर "कदीबी येऊन बगा, हा शब्द मीच दिलेला," एवढंच म्हणाले आणि सरळ शेठकडे जाऊन त्यांनी टेम्पो मागितला. शेठनी टेम्पो दिला, स्वतः बरोबर आले आणि चचांचा मग आपल्या हातानं तिथल्या फळीवर ठेवला. मामंजींनी ठाण्याच्या साहेबांना जाऊन नमस्कार केला आणि नाही म्हणून सांगितलं.

घर मोकळं झालं. मामंजी मात्र निवांत झाले नाहीत. पाऊस जोराचा लागला की खिडकीशी उभे राहत. दर दोन दिवसांनी तिकडे चक्कर. काही वस्तू खरंच गेल्या, त्यांतल्या काही परत आल्या. एक बक्कल कुणा मुलानं पट्ट्याला लावलेलं दिसलं, तेव्हा ते रात्रभर कुढत बसले. कायमची जागा म्हणजे काळजी संपणं नव्हे, हे त्यांना पटायला फार दिवस लागले. मला तर अजून पूर्ण पटलेलं नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. ज्याच्या घरून बिगुल आला होता तो म्हातारा खोलीत बसलेला, काठी बाजूला ठेवून. त्यानं बिगुल उचलला आणि तोंडाला लावला. मामंजींचा हात अडवायला पुढे गेला, पण अर्ध्यातच थांबला. म्हाताऱ्यानं गाल फुगवून जोर लावला. नुसती हवा निघाली. पुन्हा लावला, तेव्हा कशीबशी एक घोगरी किंकाळी बाहेर पडली. अंगणात भात पाखडणाऱ्या बाया हसू लागल्या, फोटोवाली बाईही हसली. म्हातारा ओशाळला नाही. त्यानं तोंड पुसलं आणि बिगुल मामंजींपुढे धरला.

"आता तू," तो म्हणाला.

मामंजींनी चप्पल काढली, पाय जुळवून ताठ उभे राहिले आणि बिगुल हातात घेतला.